अनुमतीवाचून परक्या वाहनाचा वापर : चोरी की किरकोळ अपराध ?

नेलेले वाहन जेथल्या तेथे परत आणून ठेवले म्हणजे ते नेण्यात घडलेला अपराध पुसला जातो, अशी समजूत समाजात पुष्कळ रूढ आहे. ती केवळ अशिक्षितांपुरती मर्यादित नाही. ‘आम्ही गाडी चोरली नव्हती, थोडा वेळ वापरली होती’ हा बचाव फौजदारी न्यायालयांस नवा नाही, आणि तो मांडणाऱ्यास आपण काही कायदेशीर मुद्दा मांडीत आहो असे मनापासून वाटत असते. इंग्लंडच्या कायद्यात त्या बचावास खरोखरच मोठे मोल आहे. भारतीय दंडविधानात मात्र त्याचे मोल फार कमी आहे, आणि ते का कमी आहे हे समजण्यास चोरीच्या व्याख्येच्या मुळाशी जावे लागते.

हा प्रश्न कोणत्या भूमीवर उभा राहतो हे आधी पाहणे सोयीचे होईल. मुंबईच्या उपनगरांतील मरोळसारखे स्थळ घ्यावे. एकेकाळचे हे साष्टीतील गाव पुढे औद्योगिक वसाहतीने व्यापले. अंधेरी-कुर्ला रस्ता, मरोळ नाका, मरोळ-मरोशी रस्ता या पट्ट्यात कारखाने, कचेऱ्या, हॉटेले, दुरुस्तीची गॅरेजे, टेंपोंचे आणि रिक्षांचे अड्डे एकमेकांस खेटून आहेत. अशा ठिकाणी वाहनाचा मालक एक, त्याचा प्रत्यक्ष ताबा असणारा दुसरा आणि ते हाकणारा तिसराच, ही स्थिती अपवादात्मक नसून नित्याची असते. किल्ली हातोहात फिरते. अनुमती बहुधा तोंडी असते, पुष्कळदा तीही नसते; ती गृहीत धरलेली असते.

कल्पना करावी की, तेथील एका गॅरेजात दुरुस्तीसाठी ठेवलेली गिऱ्हाइकाची मोटरसायकल ‘क’ नावाचा कामगार मुलगा रात्री बाहेर काढतो, पवईच्या तलावापर्यंत फिरून येतो आणि पहाटे ती जागच्या जागी उभी करतो. ‘ख’ हा एका कंपनीच्या गाडीवरील चालक. साहेबांना विमानतळावर सोडून परत येण्याची आज्ञा असता तो तीच गाडी घेऊन घरच्या कामासाठी बोरिवलीस जातो. ‘ग’ हा शेजाऱ्याच्या दारामागील खिळ्यावर टांगलेली किल्ली घेऊन मध्यरात्री आपल्या आजारी आईला रुग्णालयात नेतो. आणि ‘घ’ हा नाक्यावर उभी असलेली परकी रिक्षा सुरू करून आरे वसाहतीपर्यंत जातो व तेथेच सोडून देतो. चौघांपैकी कोणासही वाहन कायमचे बळकावयाचे नाही. तरीही चौघांची कायद्यातील स्थिती एक नाही.

भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम ३७८ मध्ये दिलेली चोरीची व्याख्या १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये तत्त्वतः कायम राहिली आहे. एखाद्याच्या कब्जातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे घेण्याच्या उद्देशाने जो हलवितो तो चोरी करतो, असा तिचा आशय आहे. ह्या व्याख्येत एक शब्द नाही, आणि सारा विषय त्या अनुपस्थित शब्दाभोवती फिरतो. मालकास वस्तूपासून ‘कायमचे’ वंचित करण्याचा उद्देश असला पाहिजे, असे तीत कोठेही म्हटलेले नाही. ‘अप्रामाणिकपणे’ म्हणजे काय, याचा उलगडा संहिता स्वतःच करते : एकास गैरलाभ किंवा दुसऱ्यास गैरहानी व्हावी असा उद्देश असणे. गैरहानीच्या स्पष्टीकरणात तर स्वच्छ म्हटले आहे की, मालमत्ता हिरावून घेतली जाणे ही जशी हानी, तशीच मालमत्तेपासून अन्यायाने दूर ठेवले जाणे हीदेखील हानीच होय. दूर ठेवण्यास कालमर्यादा नाही. एक रात्रही पुरेशी होऊ शकते.

इंग्रजी कायद्याची वाट वेगळी आहे. तेथे १९१६ च्या चोरीविषयक कायद्याने आणि त्यानंतर १९६८ च्या कायद्याने कायमचे वंचित करण्याचा उद्देश हा चोरीचा अविभाज्य घटक मानला. परिणामी मोटारी वाढू लागल्या तेव्हा एक चमत्कारिक अडचण निर्माण झाली. एखाद्याने रस्त्यावरची मोटार नेली, चार गावे हिंडविली आणि पेट्रोल संपताच सोडून दिली, तर मोटारीची चोरी सिद्ध होईना; फार तर पेट्रोलची चोरी झाली असे म्हणावे लागे. ही फट बुजविण्यासाठी १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम २८ ने मालकाच्या संमतीवाचून वाहन ‘घेऊन हाकून नेणे’ हा स्वतंत्र अपराध निर्माण केला. १९६८ च्या कायद्याच्या कलम १२ ने तो अधिक विस्तृत केला आणि अशा वाहनात जाणूनबुजून बसणाऱ्यासही त्यात ओढले. १९९२ साली अपघात वा नुकसान घडल्यास अधिक कडक शिक्षेची तरतूद झाली. जर्मनीतही चोरीच्या व्याख्येतील अशाच उणिवेमुळे ऑक्टोबर १९३२ च्या अध्यादेशाने मोटारींचा व सायकलींचा अनधिकृत वापर दंडनीय ठरविण्यात आला. आज ती तरतूद तेथील दंडसंहितेच्या कलम २४८ ब मध्ये आहे, आणि तिच्याखाली खटला सामान्यतः हक्कदाराच्या फिर्यादीवाचून चालत नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भारतीय कायद्यातील एका विसंगतीच्या संदर्भात तिचा पुढे उपयोग होईल.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा सादर केला तेव्हा मोटारी नव्हत्या; परंतु वस्तू तात्पुरती नेण्याचा प्रश्न नवा नव्हता. कलम ३७८ खालील दोन उदाहरणे शेजारी शेजारी आहेत, आणि ती एकत्र वाचली पाहिजेत. पहिल्यात एक मनुष्य दुसऱ्याची वस्तू परत करण्याबद्दल बक्षीस मिळेपर्यंत ठेवण्याच्या हेतूने नेतो. वस्तू परत करावयाचीच आहे. तरी ती चोरी. दुसऱ्यात एक जण मित्राच्या ग्रंथालयातून त्याला न विचारता पुस्तक नेतो, वाचून परत करावयाचे ह्या हेतूने. मित्राची ध्वनित संमती आहे असा त्याचा समज असल्यास ती चोरी नव्हे. दोहोंतही परतीचा हेतू आहे, आणि निकाल उलट आहेत. यावरून उघड होते की परतीचा हेतू हा निर्णायक घटक नाही. घेणाऱ्याच्या मनात त्या क्षणी कोणता भाव होता हे निर्णायक आहे. अपहाराच्या कलमात (जुने ४०३, नवे ३१४) तर ‘केवळ काही काळापुरता केलेला अप्रामाणिक अपहार हाही अपहारच’ अशा आशयाचे स्पष्टीकरणच जोडलेले आहे. त्याच कलमाखाली दोघांच्या सामाईक मालकीच्या घोड्याचे उदाहरण येते. वाहनाच्या वापराशी संहितेचा सर्वांत जवळचा संबंध येतो तो ह्या घोड्यापुरता. एका भागीदाराने घोडा वापरण्यासाठी नेला तर अपराध नाही, कारण वापराचा हक्क त्यास आहेच. विकून पैसे खाल्ले तर अपराध.

कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८९५ मध्ये श्रीचरण चुंगो प्रकरणात तात्पुरते घेणेही चोरी ठरू शकते असे ठरविले होते. परंतु ह्या विषयावरचा अधिकृत निवाडा म्हणून आज ज्याचा आधार घेतला जातो तो १९५७ चा, सर्वोच्च न्यायालयाचा, के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य हा होय. त्यातील वाहन मोटार नव्हते, विमान होते.

मेहरा हा जोधपूर येथील भारतीय हवाईदलाच्या अकादमीत मार्गदर्शकाचे, म्हणजे नकाशे व उपकरणे यांच्या साह्याने वैमानिकास दिशा दाखविणाऱ्याचे, प्रशिक्षण घेणारा छात्र होता. त्याच्या एका सहाध्यायी मित्रास गैरवर्तनाबद्दल १३ मे १९५२ रोजी अकादमीतून कमी करण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी तो आगगाडीने जोधपूर सोडणार होता. त्याच दिवशी, १४ मे रोजी, मेहराचे डाकोटा जातीच्या विमानातून प्रशिक्षणाचे उड्डाण ठरलेले होते; वेळ सकाळी सहा ते साडेसहाची. प्रत्यक्षात पाचच्या सुमारास, कोणतीही नियमित पूर्तता न करता, मेहरा व हा कमी केलेला मित्र दोघे हार्वर्ड जातीच्या निराळ्याच विमानातून उडाले आणि पाकिस्तानात, सरहद्दीपासून सुमारे शंभर मैल आत, उतरले. १६ मे रोजी ते कराचीस भारतीय उच्चायुक्तांच्या लष्करी सल्लागारास भेटले व आपण वाट चुकलो असे त्यांनी सांगितले. परत आणले जात असता जोधपूर येथे त्यांस अटक झाली.

विमान गेले नाही, ते परत मिळाले. ते विकून टाकावे वा कायमचे लपवावे असा आरोपही नव्हता. बचावपक्षाचे म्हणणे असे की, छात्रास उड्डाणाची ध्वनित अनुमती होतीच. झाला तो फार तर शिस्तभंग. न्यायालयाने हे मान्य केले नाही. न्या. जगन्नाथदास यांनी दिलेल्या निवाड्यात प्रथम संमतीचा विचार आहे : ठरलेले विमान निराळे, वेळ निराळी, सोबती तर अकादमीतून काढून टाकलेला, तेव्हा प्रशिक्षणाच्या उड्डाणास असलेली संमती ह्या उड्डाणास लागू पडत नाही. मग अप्रामाणिकपणाचा विचार : अनधिकृत वापरामुळे घेणाऱ्यास विमानाचा तात्पुरता उपयोग मिळाला, हा गैरलाभ, शासनास त्याच्या कायदेशीर उपयोगापासून तितका काळ वंचित व्हावे लागले, ही गैरहानी. दोन्ही तात्पुरत्या, तरी दोन्ही पुरेशा. वाट चुकल्याची सबब न्यायालयास पटली नाही. निवाड्याचे खरे सामर्थ्य ह्या ठिकाणी आहे, आणि त्याची मर्यादाही येथेच आहे. उड्डाणामागील हेतू आणि परिस्थिती यांवरून अप्रामाणिकपणाचे अनुमान काढले गेले. अनुमती नव्हती एवढ्याच कारणाने ते काढले गेले नाही. ह्या फरकाकडे पाठ्यपुस्तकांचे पुष्कळदा दुर्लक्ष होते आणि ‘तात्पुरते घेणे म्हणजेही चोरी’ असे एकच वाक्य विद्यार्थी पाठ करून जातात.

१९६२ मध्ये निर्णीत झालेल्या प्यारेलाल भार्गव प्रकरणात कचेरीतील एक फाइल एका दिवसासाठी बाहेर नेऊन परत आणली होती. तेथेही न्या. सुब्बाराव यांनी हानी कायमची असण्याची आवश्यकता नाही हेच तत्त्व पुढे चालविले. अर्थात तेथे फाइलमधील कागद मध्यंतरी बदलले गेले होते, हे विसरता कामा नये.

आता मोटार वाहन कायद्याकडे वळावे. १९३९ च्या कायद्याच्या कलम १२६ ने मालकाची संमती अथवा अन्य कायदेशीर अधिकार नसता मोटार वाहन घेऊन हाकून नेणे हा अपराध ठरविला. शब्दरचना जवळजवळ १९३० च्या इंग्रजी कलमाचीच आहे. १९८८ च्या कायद्यात ते कलम १९७ झाले. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही; दंडाची रक्कम २०१९ च्या दुरुस्तीने पाचशे रुपयांवरून पाच हजार झाली. येथे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. इंग्लंडात जी फट होती ती बुजविण्यासाठी हे कलम जन्मास आले. भारतात ती फट नव्हतीच, तरी कलम मात्र आले. औषध आणले गेले, रोग नव्हता. मग ह्या कलमास भारतात स्वतंत्र कार्य कोणते उरते ?

उत्तर शोधावयाचे तर दोन्ही अपराधांतील मानसिक घटकाची तुलना केली पाहिजे. कलम १९७ मध्ये ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द नाही. संमतीचा अभाव आणि वाहन हाकून नेणे एवढ्याने अपराध पूर्ण होतो. मात्र कलमास एक परंतुक आहे : आपणास कायदेशीर अधिकार आहे असा, किंवा विचारले असते तर ह्या परिस्थितीत मालकाने संमती दिली असती असा, वाजवी समज आरोपीचा होता असे न्यायालयास पटले तर दोषसिद्धी होणार नाही. येथे ‘वाजवी’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. चोरीच्या बाबतीत प्रामाणिक समज पुरेसा होतो, कारण जेथे समज प्रामाणिक तेथे गैरलाभाचा उद्देश टिकत नाही. पुस्तकाच्या उदाहरणात घेणाऱ्याचा समज कितपत शहाणपणाचा होता याची चौकशी केलेली नाही. तेव्हा ज्याचा समज प्रामाणिक आहे पण वाजवी नाही, तो मनुष्य चोर ठरत नाही आणि कलम १९७ मधून सुटतही नाही. त्या कलमाचे खास क्षेत्र हेच होय. त्याशिवाय, ज्यात लाभहानीचा उद्देश नसून केवळ उनाडपणा आहे अशी कृत्येही त्याच क्षेत्रात ठेवणे योग्य, असे म्हणता येईल. मेहरा निवाड्याच्या अक्षरार्थानुसार ह्या दुसऱ्या वर्गास जागा उरत नाही, कारण तात्पुरता उपयोग हाच गैरलाभ मानला तर प्रत्येक उनाड फेरी चोरी होते. परंतु सरहद्द ओलांडून गेलेल्या लष्करी विमानाच्या प्रकरणातील कठोरता पवईच्या फेरीवर जशीच्या तशी लादणे, आणि विधिमंडळाने मुद्दाम ठेवलेले सौम्य कलम निरर्थक करणे, हे अर्थनिर्णयाच्या कोणत्याही रूढ नियमास धरून होणार नाही.

‘ग’ चे प्रकरण सर्वांत सोपे आहे. आजारी आईस मध्यरात्री रुग्णालयात नेण्यासाठी शेजाऱ्याने गाडी दिली असती हा समज प्रामाणिक तर आहेच, वाजवीही आहे. चोरी नाही, कलम १९७ ही नाही. आणि न्याय संहितेच्या कलम १९ मधील, मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावाने केलेल्या कृत्याचे संरक्षण त्यास निराळेच उपलब्ध आहे. मात्र आईला दाखल केल्यावर तीच गाडी घेऊन तो दोन दिवस फिरत राहिला, तर पहिल्या फेरीचा समज पुढल्या फेऱ्यांना पुरणार नाही.

‘क’ च्या बाबतीत कब्जा कोणाचा हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. मोटरसायकल गिऱ्हाइकाने गॅरेजमालकाच्या स्वाधीन केली, म्हणून कब्जा गॅरेजमालकाचा. कामगाराच्या हाती असलेली वस्तू कायद्याने धन्याच्याच कब्जात असते. तेव्हा ‘क’ ने ती धन्याच्या कब्जातून नेली. उद्देश अप्रामाणिक ठरला तर अपराध साधी चोरी नसून नोकराने केलेली चोरी होतो (जुने कलम ३८१, नवे ३०६), आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. गंमत अशी की, गिऱ्हाइकाच्या गाडीवर स्वतः गॅरेजमालक फिरून आला असता तर चोरी झालीच नसती, कारण कब्जा त्याचाच होता. त्याच्यावर फार तर न्यासभंगाचा आरोप येता आणि त्याची कमाल शिक्षा पाच वर्षे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हौसेस धन्याच्या तशाच वर्तनापेक्षा अधिक शिक्षेची भीती असावी, ही संहितेतील रचना तर्काने समजते, पण न्यायबुद्धीस रुचत नाही. मुलगा अठरा वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते, ही एक दिलाशाची बाजू आहे.

‘ख’ हा चालक संमतीने गाडीत बसला. पुढे त्याने संमतीची हद्द ओलांडली. ‘घेऊन नेणे’ हे पुन्हा नव्याने घडते काय ? १९७४ मध्ये इंग्लंडात मॅकनाइट विरुद्ध डेव्हिस ह्या प्रकरणात मालमोटारीच्या चालकाने काम संपल्यावर गाडी धन्याकडे न नेता मद्यगृहाकडे नेली, इतरांना घरी सोडले व दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत केली. धन्याचा हक्क नाकारण्याइतकी फारकत जेथे घडते तेथे चालकाने वाहन नव्याने घेतले असे मानावे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. मात्र वाटेत किरकोळ वळण घेणारा प्रत्येक चालक गुन्हेगार नव्हे. हाच विवेक भारतीय न्यायालयांनाही उपयोगी पडण्यासारखा आहे. घरच्या कामासाठी बोरिवलीस जाऊन येणे हे वळण की फारकत, हे अंतर, वेळ आणि सेवेच्या अटी पाहून ठरवावे लागेल. बहुतेक प्रकरणे नोकरीच्या शिस्तीतच मिटली पाहिजेत. ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकास महाराष्ट्राने एक भीषण घटना पाहिली आहे. २५ जानेवारी २०१२ रोजी पुण्याच्या स्वारगेट आगारातून राज्य परिवहन महामंडळाच्या एका चालकाने अनुमतीवाचून बस बाहेर काढली आणि शहराच्या रस्त्यांवर बेफाम हाकून नऊ जणांचे प्राण घेतले. फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये जन्मठेपेत बदलली. त्या खटल्यात खुनाच्या आरोपापुढे बस नेण्याचा प्रश्न साहजिकच मागे पडला. परंतु तत्त्व तेच दिसते : बस चालविण्याची नेमणूक म्हणजे कोणतीही बस, केव्हाही, कोठेही नेण्याची अनुमती नव्हे.

‘घ’ च्या रिक्षेचा विचार मालकाच्या बाजूने केल्यास अधिक स्पष्ट होतो. नाक्यावरील रिक्षा बहुधा पाळीवर चालते. सकाळी ती जागेवर नसेल तर चालकाची त्या दिवसाची मिळकत बुडते आणि मालकास द्यावयाचे भाडे मात्र अंगावर राहते. रिक्षा संध्याकाळी आरेच्या रस्त्याकडेस सापडली म्हणून ही हानी भरून निघत नाही. दुसऱ्याच्या उपजीविकेचे साधन आहे हे दिसत असता ते उचलून दूर टाकणाऱ्यास गैरहानीचा उद्देश नव्हता असे म्हणणे कठीण. येथे चोरीचे कलम लावण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

कर्जाचे हप्ते थकल्यामुळे वित्तसंस्थेने वाहन उचलून नेण्याची प्रकरणे यांहून निराळी आहेत. के. ए. मथाई प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने करारानुसार बस ताब्यात घेणाऱ्यांकडे अप्रामाणिक उद्देश नाही असे ठरविले. परंतु गुंड पाठवून, धाक घालून वाहन हिसकावून घेणे हा कलम १९७ च्या दुसऱ्या पोटकलमाचा विषय होऊ शकतो, हे वसुली करणाऱ्यांनी ओळखलेले बरे.

व्यवहारात आरोपीचे भवितव्य ठरते ते पोलीस ठाण्यातील नोंदीवर. चोरी दखलपात्र व अजामीनपात्र. कलम १९७ चा अपराध एरवी अदखलपात्र व जामीनपात्र. मात्र गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या समक्ष तो घडला तर कलम २०२ नुसार अधिपत्रावाचून अटक करता येते. एकाच कृत्याची नोंद कोणत्या कलमाखाली व्हावी ही निवड अशा रीतीने तपासी अंमलदाराच्या हाती राहते, आणि ज्या तरुणाची नोकरी किंवा पारपत्र एका नोंदीवर अवलंबून असते त्याच्यासाठी ही निवड शिक्षेपेक्षाही भारी ठरते. विशेष कायदा असल्याने सामान्य कायदा बाद होतो असा युक्तिवादही आता फारसा चालत नाही. अरुणाचल प्रदेश राज्य विरुद्ध रामचंद्र रबिदास ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, मोटार वाहन कायद्याबरोबरच दंडसंहितेखालीही खटला चालू शकतो असे स्पष्ट केले. एकाच अपराधाची शिक्षा दोनदा होणार नाही, एवढेच बंधन उरते.

ह्याच ठिकाणी वर सूचित केलेली विसंगती दृष्टीस पडते. साध्या चोरीचा गुन्हा मालमत्तेच्या मालकास आपसांत मिटविता येतो. कलम १९७ चा अपराध त्याहून पुष्कळच हलका. परंतु तो मिटविण्याचा अधिकार मालकास कोणत्याही तरतुदीने दिलेला नाही, आणि जागच्या जागी तडजोडीची रक्कम भरून मोकळे होण्याच्या कलम २०० मधील यादीतही तो नाही. शेजाऱ्याने चोरीची फिर्याद दिली असेल तर तो ती मागे घेऊ शकतो; किरकोळ अपराधाची नोंद झाली असेल तर त्याच्या क्षमेस जागा नाही. जर्मन कायद्याप्रमाणे हक्कदाराच्या फिर्यादीची अट कलम १९७ मध्ये घातली असती तर हा उलटा न्याय टळला असता.

नव्या संहितेने आणखी एक गाठ मारून ठेवली आहे. कलम ३०५ च्या खंड (ब) नुसार ‘मालाच्या किंवा उतारूंच्या वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या’ वाहतुकीच्या साधनाची चोरी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र होते. जुन्या संहितेत अशी तरतूद नव्हती. रिक्षा, टेंपो, बस ही साधने तीत येतात याविषयी शंका नको. पण खाजगी मोटरसायकलवरही मागे एक जण बसतो आणि डिकीत सामान राहते. तीही ‘उतारूंच्या वाहतुकीची’ म्हणावयाची काय? तसे म्हटल्यास कलम ३०३ मधील तीन वर्षांची मर्यादा वाहनांपुरती जवळजवळ नाहीशी होईल. ‘वापरल्या जाणाऱ्या’ हे विशेषण विधिमंडळाने निरर्थक घातले असे मानता येत नाही. शिवाय दंडविषयक तरतूद संदिग्ध असेल तर तिचा अर्थ आरोपीस अनुकूल असा लावावा, हा जुना नियम आहे. यास्तव हा खंड सार्वजनिक अथवा भाड्याच्या वाहतुकीपुरता मर्यादित वाचणे हेच सयुक्तिक होय. तसे वाचले तर ‘घ’ खंड (ब) मध्ये सापडतो. ‘क’ मात्र त्यातून वाचतो, परंतु नोकर म्हणून कलम ३०६ च्या तावडीत राहतोच.

शेवटी, कलम १९७ ‘मोटार वाहना’पुरतेच आहे. सायकल, हातगाडी त्यात येत नाही. मरोळच्या रस्त्यांवर घरपोच माल पोहोचविणारी मुले ज्या कमी शक्तीच्या विजेवरील दुचाक्या वापरतात, त्यांपैकी पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी पंचवीस किलोमीटरहून कमी वेगाच्या, विहित अटी पूर्ण करणाऱ्या गाड्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन गणल्या जात नाहीत. अशी दुचाकी सोबत्याने न विचारता तासभर नेली, तर तीन महिन्यांच्या शिक्षेचे सौम्य कलम तिला लागू होत नाही. दंडाधिकाऱ्यापुढे चोरी किंवा निर्दोषता असे दोनच पर्याय राहतात.